सळईवर माझाही पाय होता

"ए फिटर, खाली उतर. पोरांना दाखव जरा तुझं ज्ञान."

सर असं ओरडले तेव्हा आमचा सगळा वर्ग पॉलिटेक्निकच्या नव्या लॅबच्या दारात उभा होता. सिव्हिल डिप्लोमाचं दुसरं वर्ष. लॅबच्या दारावर मोठा छज्जा घालायचं काम चाललेलं. फळ्या ठोकून झाल्या होत्या आणि वर सळईची जाळी बांधणं चालू होतं. ऊन तर असलं की सळईला हात लावला तर फोड यावा. डोक्याला पंचा गुंडाळून एक माणूस हातातल्या आकडीनं तारा पिळत होता. हाक ऐकून तो शिडीवरनं उतरला.

तो माणूस म्हणजे माझे अप्पा. माझा बाप.

वर्गात हे कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी आम्ही दोघं एकाच घरातनं निघायचो आणि गेटच्या अलीकडं वेगळे व्हायचो. हे मीच ठरवलेलं. "अप्पा, कॉलेजात मला हाक मारू नका," असं तोंड वर करून सांगितलं होतं मी. ते "बरं" म्हणाले होते.

"नाव काय?" सरांनी विचारलं.

"मारुती."

"आडनाव?"

सर आम्हा सगळ्यांना आडनावानंच हाक मारायचे. आमच्या आडनावाची वर्गात मी एकटीच. अप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मारुती फिटर म्हणत्यात साहेब समदे."

सर आमच्याकडं वळून हसले. "आडनाव कोण लपवतं, कळतं आपल्याला." मग परत अप्पांना म्हणाले, "बरं सांग, सळई वरच्या अंगाला का बांधलीस? खाली का नाही?"

"छज्जा फुडं लोंबतोय साहेब. फुडं त्याला खांब न्हाय. वजनानं त्यो खाली वाकतोय, मंग वरच्या अंगाला ताण येतोय. फाटलं तर वरनंच फाटतंय की."

सोळा आणे बरोबर उत्तर. काँक्रीट दाबाला पक्कं, ताणाला कच्चं. म्हणून ताण जिथं, सळई तिथं. आमच्या पुस्तकाचं अख्खं प्रकरण अप्पांनी तीन वाक्यांत सांगितलं.

"ताणाचं युनिट काय?" सर म्हणाले. "बेंडिंग मोमेंट काढून दाखव."

अप्पा हातातल्या आकडीकडं बघत राहिले.

"बघा! हात चालतात, डोकं चालत नाही. पोपट नुसता."

वर्ग हसला. मी पण हसले. नुसती नाही, जरा जास्तच हसले, कुणाला संशय यायला नको म्हणून. तेव्हा मात्र अप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

शेण खाल्लं मी. दुसरा शब्द नाही त्याला.

कारण हा धडा मला सरांनी शिकवलाच नव्हता. महिन्याभरापूर्वी मी घरी रडत बसलेले, वर ताण का खाली ताण ते डोक्यात शिरत नव्हतं म्हणून. अप्पांनी पायातली झिजलेली रबरी चप्पल काढली. टाच हातात घट्ट धरली आणि पुढचं टोक खाली दाबलं. वरच्या अंगाच्या बारीक भेगा उघडल्या. "बग, कुटं फाटतंय?" म्हणाले. झालं, कळलं. चाचणीत मला पैकीच्या पैकी. सरांनी वर्गात उभं करून विचारलं, "कुठून केलास अभ्यास?" मी म्हणाले, "पुस्तकातून, सर."

तर त्या दिवशी हसणं ओसरलं आणि सर म्हणाले, "चला, सगळे वर चढून बघा."

अप्पा पुढं झाले. "साहेब, पोरं वर चडवू नका. खाली खुर्च्या हायत्या. सळई दबंल."

खुर्ची म्हणजे वाकवलेल्या गजाचा ठेंगणा पाय. वरची जाळी वर धरून ठेवतो तो. जाळी फळीला टेकली तर सळई असून नसल्यासारखी.

"आता तू मला शिकवणार?" सर म्हणाले.

आम्ही चढलो. चाळीसेक जण. कुणी फोटो काढले, कुणी उड्या मारल्या. माझ्या पायाखाली काहीतरी कलंडलं आणि जाळी खचकन खाली बसली. मला कळलं ते. वर्गात इतरांना कळलं नसेल, पण फिटरच्या पोरीला कळणार नाही होय? मी पाय उचलला आणि गुपचूप शिडीकडं गेले.

आम्ही गेल्यावर अप्पा खुर्च्या सरळ करायला वर चढले होते. तेवढ्यात ठेकेदार आला. "साहेबांना उलटं बोलतोस?" म्हणून तिथल्या तिथं कामावरनं काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सळईवर काँक्रीट ओतलं. मी वर्गाच्या खिडकीतनं बघत होते. नुसतं उठून सांगायचं होतं, थांबवा, सळई खाली गेलीय. एवढंच. मी वही काढली आणि मार्जिन आखत बसले.

काढून टाकलं त्या संध्याकाळी अप्पा मोरीत हात धूत होते. मी तांब्या घेऊन उभी. ते म्हणाले, "हसलीस त्ये बरं केलंस. न्हायतर वळकलं असतं तुला."

चार मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीन आठवड्यांनी छज्ज्याचे टेकू काढले. दुपारपर्यंत भिंतीलगत वरच्या अंगाला आडवी भेग पडली आणि छज्जा पुढं झुकला. नशीब, खाली कुणी नव्हतं. घाईघाईनं परत टेकू लावले. सर वर्गात आले ते खडू घेऊनच. फळ्यावर छज्जा काढला आणि सळई खाली दाखवली.

"लिहून घ्या. फिटरनं सळई खाली बांधली. त्या मारुतीनं. या शहरात त्याला आता कुणी काम देणार नाही, तेवढं मी बघतो."

सगळ्यांनी लिहिलं. मी पण लिहिलं. "फिटरची चूक." माझ्याच अक्षरात. ते दोन शब्द वहीत बघितले आणि पेन खाली ठेवलं. बापाला हसून झालं, तुडवून झालं, आता त्याच्यावर आळही मीच लिहीत होते. वा गं शहाणे!

उभी राहिले.

"सर, सळई वरच होती. आपण सगळे चढलो तेव्हा ती दबली. माझ्या पायाखालची खुर्ची कलंडली. मला तेव्हाच कळलं होतं. मी बोलले नाही."

"बस खाली."

"मारुती फिटरला आडनाव आहे, सर. मस्टरवर माझ्या नावापुढं आहे तेच."

सरांनी खडू खाली ठेवला. "अस्सं. म्हणून होय," म्हणाले. "टर्मवर्कवर सही माझी लागते. लक्षात ठेव."

मी बसले नाही. माझ्याबरोबर कुणी उभंही राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी ऑफिसात बोलावून समोर कोरा कागद ठेवला. "गैरसमजातून बोलले, असं लिही आणि मोकळी हो." मी लिहिलं नाही. वह्या अजून सहीविना पडून आहेत. सही नाही म्हणजे परीक्षा नाही, वर्ष गेलं.

घरी सांगितलं तर अप्पा भडकले. "कुणी सांगितलं हुतं तुला बोलायला? माझं काय, मी कुटं बी सळई बांधीन. तुझं वरीस गेलं की!" ते आता शहराबाहेर होटगीच्या पुढं कुठं कुठं किरकोळ कामाला जातात. शहरात कुणी बोलवत नाही. सरांनी शब्द पाळला. आणि मी? मी वर्गाला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, पण "अप्पा, मी हसले, चुकले" एवढं अजून तोंडातनं निघालेलं नाही. खोटं हसू किती पटकन आलं होतं!

सोमवारी छज्जा फोडणार आहेत. काँक्रीट फुटलं की आतलं सगळं उघडं पडेल. चेपलेल्या खुर्च्या सापडतील. सळई खालीच बांधणारा माणूस खुर्च्या कशाला ठेवील? एवढं तर पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळेल.

"अप्पा, सोमवारी माझ्याबरोबर चला," मी काल म्हणाले.

"मी कशाला तितं?"

"तुमी लागताय."

आज सकाळी ते आकडी पुसून पिशवीत ठेवताना दिसले.

सोमवारी आम्ही गेटच्या अलीकडं वेगळे होणार नाही. सगळ्यांच्या देखत मी त्यांना अप्पा म्हणून हाक मारणार आहे. टेप माझ्या हातात असेल. सळई किती खाली गेलीय ते मी मोजणार, मोठ्यानं वाचणार आणि कागदावर लिहिणार. खाली दोन ओळी. सळई बांधणारा: अप्पांचं नाव, आडनावासकट. सळई दाबणारे: आमचा वर्ग, सरांसकट. त्या यादीत पहिलं नाव माझं. सही कुणी करो न करो.