सावनी दौलतगंजात आली तेव्हा

हिवाळ्यात सावनी अगदी भिकारणीसारखी दिसते. पानं गळून नुसत्या काटक्या उरतात, आणि नवखा माणूस म्हणतो, मेली. तीच श्रावणात गुलाबी फुलांनी लवते. पाकळ्या अशा, की कुणी रेशीम मुठीत चुरगळून सोडलंय.

वडिलांनी ती कंपूत, म्हणजे फौजेच्या वस्तीत, आमच्या क्वार्टरच्या दाराशी वाढवली होती. ते उत्तरेतल्या एका मराठी संस्थानच्या रिसाल्यात घोडेस्वार होते. सकाळी उठून आधी सावनीच्या खोडावरून हात फिरवायचे. तिची साल आपोआप सुटते आणि आतलं खोड घोड्याच्या मानेसारखं गुळगुळीत लागतं.

संस्थान विलीन झालं, मागोमाग फौजही. घोडे गेले, वडिलांना पेन्शन मिळाली आणि दसऱ्यापर्यंत क्वार्टर खाली करायचा हुकूम आला. शहरात, दौलतगंजात, भाड्यानं एक खोली मिळाली, मागे अंगणाचा तुकडा. सामान आमचं कितीसं! प्रश्न सावनीचा होता. तिला हलवायचं ते पौष-माघात, पानं झडून ती झोपली की. आश्विनात तर ती भरलेली.

"राहू द्या इथंच," आई म्हणाली. "नवीन येतील ते घालतील पाणी."

"नवीन येतील ते तिला तोडून तिथं खाट टाकतील."

मग वडिलांनी रिसाल्याची रीत लावली. घोडा रेल्वेनं न्यायचा असला की आधी दाणा तोडायचा, पाणी बेतानं द्यायचं. यांनी सावनीचं पाणीच बंद केलं! पानं मलूल झाली तशी आई बादली घेऊन आली.

"अहो, झाड आहे ते, घोडा नाही."

"प्रवासात त्रास होतो."

"कशाचा? तिला काय पोट आहे? तुमची फौज झाली मर्ज. आता इथं हुकूम माझा." आणि बादली त्यांच्यादेखत आळ्यात उपडी केली.

वडील हसले. फौज मोडल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलंच नव्हतं. पुढे मी कॉलेजात बॉटनी शिकले. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मीच, आणि ते मी कुठंही ताठ मानेनं सांगते. तर त्या शिक्षणाच्या जोरावर लिहिते: बरोबर आईच होती.

निघायचा दिवस नेमका खंडेनवमीचा आला. मुळं मातीसकट आदल्या दिवशीच मोकळी करून ठेवली होती. फांद्या ऐन निघायच्या वेळी छाटायच्या होत्या. पण त्या दिवशी आमच्याकडे शस्त्रांची पूजा, आणि तलवार तर सरकारजमा झालेली. पाट रिकामा कसा ठेवायचा, म्हणून आईनं त्यावर छाटणीची कातर ठेवली, हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. पूजेतलं शस्त्र सीमोल्लंघनापर्यंत उचलायचं नाही. वडिलांनी ते पाहिलं, हात जोडले आणि बाहेर जाऊन पानं बोटांनी खुडायला बसले. आम्हीही बसलो. फांद्या मात्र तशाच राहिल्या. मुळांना घोड्याची जुनी झूल गुंडाळली.

ठेलेवाला म्हणाला, "दादा, ये लकड़ी भी जाएगी?"

"सबसे पहले यही जाएगी," वडील म्हणाले.

दौलतगंजात ती लागली की नाही, कळायला मार्गच नव्हता. हिवाळ्यात जिवंत सावनीही वाळकी आणि मेलेलीही वाळकी. आई नखानं साल खरवडून बघायला गेली, तर वडिलांनी हात धरला. "झोपलेल्याला ओरखडू नये." ते रोज तांब्याभर पाणी घालत. फाल्गुन लागला, शेजारच्या सावनीला पालवी फुटली. आमची होती तशीच.

घरमालकीण जिन्यातून ओरडली, "फौजी भैया, होली में ये ठूँठ दे देना, आँगन खुल जाएगा!" गल्लीतल्या पोरांना तिनं या वाळक्या खुंटाचा शब्दही देऊन टाकला.

होळीच्या दिवशी वडिलांनी कातर घेतली. शेंडा कापला: वाळका. खाली कापला: वाळका. एकेक फांदी पडत गेली. आई उंबऱ्यात उभी होती. वीतभर खोड उरलं तेव्हा वडिलांनी कातर ठेवली आणि बुंध्याजवळचा पाचोळा हातानं बाजूला केला. मातीला लागून, तांबूस, उंदराच्या कानाएवढे कोंब.

"अहो, सरका ना, मला बघू द्या," म्हणत आई खाली बसली.

घरमालकीण उतरून आली. वाकून पाहिलं. "हाय राम, ये तो जी गई! अब मैं बच्चों को क्या दूँ?"

वडिलांनी वाळक्या फांद्यांची मोळी बांधली आणि खांद्यावर टाकली. "चला, मीच देऊन येतो," म्हणाले, आणि गल्लीतून होळीकडे चालू लागले. परेडला निघाल्यासारखे ताठ. आईनं मात्र तेवढ्यात चार विटा शोधून कोंबांभोवती लावल्या. पोरांचा काय भरवसा!