साळवेबाई आणि त्यांचा फायटर

पहिल्याच भेटीत साळवेबाईंनी माझ्या गालावर एक ओलं पान घासलं. "टोचतंय?" त्यांनी विचारलं. मी गोंधळून "नाही" म्हटलं, तशा त्या खूश होऊन आत पळाल्या. सन सत्तर-एकाहत्तरचा सुमार. संगमनेरच्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते आणि जीवशास्त्राच्या साळवेबाईंसोबत दोन खोल्यांत राहणार होते.

ते पान फायटर माशासाठी होतं. मुंबईत शिकणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं बाईंना तो निळा मासा आणून दिला होता, सोबत प्लॅस्टिकचं झाडही. त्या झाडाला घासून माशाचे रेशमासारखे पर फाटले. बाईंनी झाड उकिरड्यावर टाकलं आणि तेव्हापासून खऱ्या वनस्पतींचा ध्यास घेतला. "आपल्या गालाला जे सोसत नाही, ते त्याला कसं सोसेल?" असं त्या म्हणत.

दर रविवारी आम्ही प्रवरेच्या डोहांवर जायचो. पदर खोचून बाई गुडघाभर पाण्यात उतरत. आणलेली हायड्रिला नावाची पाणवनस्पती लाल औषधाच्या पाण्यात बुडवून गोगलगाईंची अंडी काढत, मग काचेच्या टाकीत लावत. तेवढ्यानं भागत नसे. जेवता जेवता उठून एखादी काडी उजेडाकडे सरकवत, पुन्हा ताटावर बसत, पुन्हा उठत. "कुसुम, काहीतरी चुकतंय गं," हे दिवसातून दहादा. त्यांच्यासोबत राहून मलाही घास गिळवेनासा झाला.

एप्रिलमध्ये शेवगावहून निरोप आला, बाईंच्या आईला दम्यानं फार घेरलंय. निघताना बाईंनी बजावलं, "वरचं पाणी निम्मं तरी उघडं ठेव. तो वर येऊन हवा घेतो."

ऊन भयंकर होतं. पानं पिवळी पडायला लागली, तशी मी घाबरले. सावली व्हावी म्हणून डोहातून तरंगणारी वनस्पती आणून टाकीत सोडली. तिसऱ्या दिवशी तिनं सगळं पाणी झाकून टाकलं. मी मात्र हिरवंगार दिसतंय म्हणून समाधानात होते.

दूध घालायला आलेल्या हौसाबाई दारातूनच ओरडल्या, "आवो मास्तरीनबाई, त्यो मासा बगा की! वर यायला बगतोय, पन वाटच न्हाई त्याला. मरंल त्यो!"

मी दोन्ही हातांनी सगळं ओरबाडून काढलं. मासा तळाशी आडवा झाला होता. हौसाबाई दुधाचं माप हातात धरून तशाच उभ्या. किती वेळ गेला कोण जाणे, तो हलला, वाकडातिकडा वर आला आणि त्यानं हवेचा घोट घेतला.

आठवड्यानं बाई परतल्या. मी सगळं सांगून टाकलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्या टाकीसमोर खाली बसल्या.

"आई परवा मला म्हणाली, तू नुसती माझ्याभोवती फिरतेस, उशा सरकवतेस, खिडक्या लावतेस. बाहेर जा, मला श्वास घेऊ दे," त्या म्हणाल्या. "मी रागावून निघून आले गं."

त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्याच दिवशी बिनपगारी रजेचा अर्ज देऊन त्या शेवगावला गेल्या. मासा माझ्याकडे ठेवला, पण या वेळी एकही सूचना दिली नाही.

दीड महिन्यानं पत्र आलं. "आई गेली. शेवटचे आठ दिवस मी तिच्या खाटेपाशी हात मांडीवर ठेवून बसले होते. ती म्हणेल तेव्हा पाणी द्यायचं, बाकी काही नाही. एवढं अवघड काम मी जन्मात केलं नव्हतं. आता घर रिकामं आहे आणि मला एका जागी बसवत नाही. येशील का?"

टाकी हौसाबाईंच्या हवाली करून मी शेवगावची सकाळची पहिली एसटी धरली.