मेहुण्याच्या गालावरचा डाग

फोटोवाल्याचं दुकान बोळासारखं अरुंद. पुढे काउंटर, मागे पांढरा पडदा, एक स्टूल आणि दोन दिवे. गेली बावीस वर्षं तो ओळखपत्रांचे फोटो काढतोय आणि कुणी न सांगता गिऱ्हाइकाचा चेहरा कॉम्प्युटरवर स्वच्छ करून देतोय. मुरूम, पुटकुळ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं साफ. गिऱ्हाईक खूश झालं की ह्याच्या अंगावर मूठभर मांस चढतं. मूळ फोटोही तो जपून ठेवतो, कारण एखादा भला माणूस ‘हा मी नाहीच’ म्हणत परत येतो.

बायकोचा थोरला भाऊ उघड्या तलावावर पोहायला शिकवतो. दिवसभर उन्हात, डोक्यावर टोपी नाही, अंगात शर्ट नाही. उन्हाचं मलम म्हणजे त्याच्या मते नाजूक माणसांचे चोचले. दरवर्षी त्याला नवं ओळखपत्र लागतं, आणि दरवर्षी तो स्टुलावर येऊन ऐटीत बसतो.

“जावईबुवा, हिरो दिसलो पाहिजे.”

“दादा, मी फोटोवाला आहे, जादूगार नाही.”

यंदाही हेच बोलणं झालं. मेहुणा गेला आणि फोटोवाला सवयीने त्याच्या कानाजवळचा डाग पुसायला बसला. कॉम्प्युटरवर त्यासाठी एक गोल ब्रश असतो. डागावर ठेवला की डाग गायब. नेहमीच्या मापाचा ब्रश ठेवला, तर डाग चारी बाजूंनी बाहेर उरला. ब्रश मोठा केला, तरी उरला. त्याने मागच्या तीन वर्षांचे मूळ फोटो काढून शेजारी लावले. पहिल्यात डाग मोहरीएवढा, तपकिरी. मग मसुराएवढा. मग कडा वेड्यावाकड्या. यंदा वाटाण्याएवढा, अर्धा काळा, अर्धा निळसर, वर खपली.

दुकानाला कुलूप ठोकून तो तडक तलावावर गेला.

“अहो, दाढी करताना कापतं तिथे,” मेहुण्याने उडवून लावलं. “दुखत नाही, खुपत नाही. उगाच डोकं खाऊ नका.”

“दुखत नाही म्हणूनच इतकी वर्षं राहिला, दादा. चला मुकाट्याने.”

डाग कधीपासून वाढतोय, असं डॉक्टरांनी विचारलं. फोटोवाल्याने चारही प्रिंट टेबलावर ठेवल्या. आठवड्याच्या आत डाग कापून तपासायला गेला. त्वचेचा कॅन्सर निघाला. मग दुसरी शस्त्रक्रिया झाली. त्यात गालाचा मोठा तुकडा गेला, कॅन्सर पसरलाय का बघायला मानेतली एक गाठही काढली. गाठीत काही सापडलं नाही. तरी दर तीन महिन्यांनी तपासणी आहेच, आणि डॉक्टरांनी हमी कसलीच दिलेली नाही. “पहिल्या वर्षी आला असतात तर दोन टाक्यांचं काम होतं,” एवढं मात्र ते म्हणाले.

मेहुणा आता लांब बाह्यांचा शर्ट आणि रुंद काठाची टोपी घालून शिकवतो. मलम लावल्याशिवाय कुणाला पाण्यात उतरू देत नाही.

घरात फोटोवाल्याचं कौतुक चाललं होतं. ह्याच्यामुळे दादा वाचला, असं जो तो म्हणत होता. तो मान खाली घालून जेवायचा. एके दिवशी बायको दुकानात आली आणि ते चार फोटो बराच वेळ बघत राहिली. तिने पहिल्या फोटोवर बोट ठेवलं.

“हा तेव्हापासून आहे. तुम्हाला दिसला नव्हता का हो?”

थाप मारणं सोपं होतं.

“दिसला होता,” तो म्हणाला. “दिसला म्हणूनच पुसला.”