आईच्या बोटातला काटा

मासे विकताना आईच्या बोटात शिंगाळा माशाचा काटा गेला तेव्हा ती मासळी बाजारातून आधी घरी आली, साबण लावून आंघोळ केली, धुतलेली साडी नेसली आणि मगच माझ्याबरोबर दवाखान्यात आली. अंधेरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी हाच एक दवाखाना. एवढी आंघोळ करून गेली तरीही कंपाउंडर म्हणाला, "मावशी, तुम्ही जरा जिन्यात बसा ना. पेशंटना वास येतो."

म्हणजे आई पेशंट नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण आईने हाताला धरून मला जिन्यात बसवलं. भांडत बसलं तर नंबर जाईल, एवढंच तिचं म्हणणं.

डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच बोट बघितलं. "काटा आत राहिलाय का बघा ना," मी म्हटलं.

"नाही हो, नुसती सूज आहे," म्हणत त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. खुर्चीतून उठलेही नाहीत. बोट फुगतच गेलं. आई दवाखान्याखालच्या मेडिकलवाल्याला दाखवायला गेली, तर तो म्हणाला, "कोर्स पूर्ण करा, तोपर्यंत उतरेल." आईला ठणक्याने घास गिळवेना आणि हा कोर्स पूर्ण करायला सांगत होता.

शेवटी तिला बोरिवलीला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बोट हातात घेऊन दाबलं. आई कळवळली. "इतके दिवस कुणी दाबून बघितलं नाही?" त्यांनी विचारलं. काय सांगणार, कपाळ? चिरा देऊन त्यांनी काट्याचं टोक काढलं. सांधा मात्र तोवर खराब झाला होता. ते बोट आता वाकत नाही. मासे कापताना कोयता तिच्या हातून निसटतो.

आई पुन्हा बाजारात बसू लागली, तेव्हा पहिल्या रविवारी मीही मदतीला गेले. आमचे डॉक्टर पिशवी घेऊन हजर. त्यांनी पापलेट उचललं, कल्ले उघडून पाहिले, नाकाशी नेलं आणि पोटावर अंगठा टेकवला.

आईने पापलेट त्यांच्या हातातून काढून घेतलं. "डॉक्टर, लांबूनच बगा."

ते हसले. त्यांना थट्टा वाटली. "अहो मावशी, दाबल्याशिवाय कळणार कसं?"

आईने ते ताठ बोट त्यांच्यापुढे धरलं.