नैवेद्याचं भांडं

माझ्या सासूबाईंचा ॲलर्जीवर विश्वास नाही, असं मी चारचौघांत सांगायचे. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली तेव्हा आमच्या वेळी नव्हती असली थेरं, एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्या लेखी अडाणी ठरल्या. त्यात त्यांचं सोवळं. दहिसरच्या दोन खोल्यांत मिक्सरची भांडी दोन: एक मासळीच्या वाटपाचं, दुसरं नैवेद्याचं, मुठीला लाल दोरा बांधलेलं. त्या दोऱ्याचं मला हसू यायचं.

हसायचा हक्क मला होताच. जोगेश्वरीच्या प्रयोगशाळेत मी फळमाश्यांना शेंगदाणा चारत होते. माशीला आपल्यासारख्या अँटिबॉडी बनवता येत नाहीत. तिच्याकडे फक्त जन्मजात प्रतिकारशक्ती, म्हणजे सोसायटीचा वॉचमन, परका दिसला की शिट्टी फुंकणारा. दाण्याचं प्रथिन पोटात गेलं की तो उगाच शिट्ट्या फुंकतो का, ते आम्हाला बघायचं होतं. एका गटाच्या मक्याच्या खिरीत दाण्याची पूड, दुसऱ्याच्या खिरीत फक्त मका.

तेवढ्यात लॅबच्या मिक्सरचं भांडं फुटलं. नवं मागवायचं तर तीन सह्या, आणि सह्या करणारे तिघेही मठ्ठ. मी घरचं दोऱ्याचं भांडं उचललं. मासळी कधी न लागलेलं, सणावारीच लागणारं, कोणाला अडतंय? आधी दाणे दळले, साबणाने घासलं, मग त्यातच दुसऱ्या गटाचा मका.

सासूबाई रोज भांडं कुठे आहे विचारायच्या. मी चपला घालून निघायचे. त्या गुडघे धरून पाट्यावर वाटायला बसायच्या, तेही मला नाटकच वाटायचं.

निकाल आला तर दोन्ही गटांचे वॉचमन शिट्ट्या फुंकत होते. मी माश्या सांभाळणाऱ्या मुलीला झापलं, मका देणाऱ्या वाण्याला शिव्या घातल्या. गाइडना तर मी आधीपासूनच ढ समजत होते. भांडं पुन्हा घासून घरी आणून ठेवलं.

रविवारी सासूबाईंनी त्यात खोबरं घातलं, झाकण हातात घेतलं आणि थांबल्या. झाकण नाकाशी नेलं.

"ह्येका दाण्याचो वास येता," त्या म्हणाल्या. "नातवाचा वाटाप मी ह्याच भांड्यात करतंय. ह्यात दाणो कधी घालूक नाय."

"कधीपासून?"

"डॉक्टरान सांगल्यापासून."

मी झाकणाची रबरी रिंग नखाने उचकटली. खाली दाण्याची पिवळट, तेलकट रेघ होती. दोनदा घासूनही तशीच.

मुलगा ताट वाजवत भूक लागली म्हणत होता. सासूबाईंनी ते खोबरं फेकलं, हात धुतले, दुसरी वाटी खवली आणि पाट्याशी बसल्या. इतकी वर्षं जगाला वाटलेली ती सगळी तुच्छता घेऊन मी तिथे उभी होते, आणि मला माझीच शिसारी आली.