आमचे घरमालक आणि एकवीस किलोमीटर

आमच्या घरमालकांइतक्या निष्ठेनं शेवटचा नंबर सांभाळणारा माणूस या शहरात दुसरा नसेल, असं मी खात्रीनं सांगू शकतो. तशा मी फार थोड्या गोष्टी खात्रीनं सांगतो. पिशोर या माझ्या गावाहून इथं शिकायला आलो तेव्हा कॉलेजात कुणाला काय विचारावं हेही मला कळत नव्हतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. पण घरमालक काकांच्या नंबराबद्दल मला कधी शंका आली नाही. धावणाऱ्यांच्या आमच्या छोट्याशा ग्रुपमध्ये दर रविवारी पहिलं कोण येईल हे सांगता यायचं नाही, शेवटी कोण येणार हे मात्र ठरलेलं असायचं.

काका वाळूजच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. खाली ते आणि काकू, वरच्या खोलीत मी. खोली दाखवताना भाड्याचं बोलायच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं, "पळतोस का?"

मी म्हणालो, "कुठं?"

"कुठं नाय. नुसतं पळतोस का?"

आमच्या गावात माणूस पळतो तो भरतीसाठी, नाहीतर सुटलेली एसटी धरायला. नुसतं पळणं माझ्यासाठी नवीन होतं. पण नाही म्हणायचा धीर झाला नाही, म्हणून पहिल्याच रविवारी गेलो. आईला फोनवर सांगितलं तर ती हळूच म्हणाली, "कुणी मागं लागलंय का रं?"

मागं काका होते. विद्यापीठाच्या गेटापासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत चढ आणि तिथून परत, असा आमचा रस्ता. चढावर ज्याचा दम तुटेल त्याच्या शेजारी काका कुठूनसे येऊन पळू लागत. त्यांच्या कमरेला एक पिशवी असे. तिच्यात गूळ, मीठ, कापूस, पट्टी, बुटाची जादा नाडी, सुई-दोरा आणि कुत्र्यांसाठी बिस्किटं. त्या बिस्किटांमुळे विद्यापीठातली निम्मी कुत्री आमच्या ग्रुपची सभासद झाली होती आणि त्यांच्यातलं एकही काकांच्या पुढं जात नसे. एकदा आमच्यातल्या गॅरेजवाल्या भाईंची चड्डी ऐन चढावर उसवली. काकांनी त्यांना लिंबाच्या झाडाआड उभं केलं आणि ती अंगावरच शिवायला घेतली. भाई म्हणत होते, "काका, सुई संभालके." काका म्हणाले, "हलू नको. हललास तर तुझ्यासकट शिवीन."

त्यांचा सगळ्यात जालीम उपाय मात्र पिशवीत नव्हता. तो म्हणजे गच्चीवर पाण्याची टाकी चढवल्याची गोष्ट. पळणारा थकून चालू लागला की काका ही गोष्ट सुरू करत. त्यात टाकी विकत घेण्याआधी बघितलेल्या दुसऱ्या टाक्या असत, जिन्याचं वळण असे, शेजाऱ्याशी झालेला वाद असे. टाकी जिन्याच्या वळणावर अडकली की ऐकणाऱ्याच्या पायात कुठूनतरी बळ यायचं आणि तो पुढं निघायचा. ग्रुपमधल्या बँकेतल्या मॅडम म्हणायच्या, "टाकी वर पोचलेली आमच्यापैकी कुणीच ऐकली नाही." काकांना यात काही वाईट वाटत नसे. "माणूस पळायला लागला ना? मग झालं."

शेवटचा माणूस येईपर्यंत घरी जायचं नाही, असा आमचा नियम. त्यामुळे काका गेटापाशी पोचत तेव्हा सगळे थांबलेले असायचे आणि टाळ्या वाजवायचे. मी एकदा भीत भीत विचारलं, की तुम्हाला कधी पहिलं यावंसं वाटत नाही का. ते म्हणाले, "पहिल्याला टाळ्या कोण वाजवणार? तिथं कुणी आलेलंच नसतं."

मला वाटलं होतं, हे त्यांचं खरं उत्तर आहे. मग एका संध्याकाळी काकूंनी मला जिन्यात थांबवलं.

आमच्या शहरात हिवाळ्यात एकवीस किलोमीटरची स्पर्धा असते. ठरलेली वेळ संपली की शेवटची कमान उतरवतात आणि रस्ता गाड्यांना मोकळा करतात. काका दरवर्षी या स्पर्धेत पळत आणि दरवर्षी उशिरा पोचत. एका वर्षी ते पायात गोळा आलेल्या एका अनोळखी माणसाजवळ अॅम्ब्युलन्स येईपर्यंत बसून राहिले, दुसऱ्या वर्षी एका घाबरलेल्या मुलीबरोबर अर्धा रस्ता चालत आले. उशीर का झाला असं विचारलं की म्हणत, "रस्त्यात लई लोक भेटले." काकूंनी सांगितलं की त्यांचा गुडघा झिजलाय, डॉक्टरांनी पळणं बंद करायला सांगितलंय. "एवढी एक स्पर्धा झाली की बंद करतो म्हणालेत. ती कमान एकदा उभी असताना बघायचीय त्यांना. कुणाला बोलणार नायत, पण मला माहीत आहे."

मी हे ग्रुपला सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या, की या वर्षी आपल्यापैकी कुणालाही काहीही होता कामा नये. पाय मुरगळला, पोटात दुखलं, काहीही झालं, तरी काका दिसले की हसायचं. भाई म्हणाले, "मरना भी है तो हँसते हुए मरने का. काका निकल गए, फिर आराम से."

स्पर्धेच्या दिवशी परतीच्या रस्त्यावर माझ्या पोटरीत गोळा आला. मी दुभाजकाला धरून उभा होतो तेवढ्यात मागून काकांची पावलं ऐकू आली. एक पाय नीट पडत होता, एक ओढला जात होता. मी दुभाजक सोडला, पळू लागलो आणि जमेल तेवढं हसलो.

"कसंय?" काकांनी विचारलं.

"मस्त, काका."

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. त्यांचा हात पिशवीकडे गेला. "खरंच?"

"व्हय. तुम्ही थांबू नका."

ते थोडा वेळ माझ्या शेजारी तसेच पळत राहिले. मग पुढं गेले. इतके दिवस बरोबर पळूनही काकांची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. शर्ट खांद्यावर विरलेला होता आणि काकूंनी तो आतून रफू केलेला दिसत होता. ते वळणाआड जाईपर्यंत मी हसत होतो, मग खाली बसलो.

मी पोचलो तेव्हा कमान उतरवून झाली होती. काका कडेला उभे होते, गळ्यात वेळेत पोचल्याचं पदक होतं. मॅडम डोळे पुसत होत्या, भाई बूट काढून पायाचे फोड बघत होते. काकांनी मला गूळ दिला आणि माझी पोटरी चोळू लागले.

पाच-सहा दिवसांनी ते कुबडीसारखा कठड्याचा आधार घेत जिना चढून माझ्या खोलीत आले. पलंगावर बसले. म्हणाले, "सगळेच्या सगळे हसत होतात तुम्ही. सतराव्या किलोमीटरला कुणी हसतं का रे?"

मी विचारलं, "मग तुम्ही थांबला का नाहीत?"

"थांबणारच होतो. पण तू इतका जीव खाऊन हसत होतास. म्हटलं, पोरांनी आपल्यासाठी काहीतरी ठरवलंय, ते मोडू नये. लई जड गेलं."

"गुडघ्यामुळे?"

"गुडघ्याचं काय घेऊन बसलास. तुला तिथं सोडून जायचं जड गेलं."

आता काका पळत नाहीत. रविवारी आम्ही रस्ता थोडा वळवून आमच्या गल्लीतून नेतो. ते पळायचे कपडे घालून, बूट बांधून फाटकात उभे असतात. आमच्याबरोबर कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत चालत येतात आणि खांबाला हात टेकून थांबतात. पुढं चढ लागतो, ग्रुप लांबत जातो. आमच्यातलं जे कुणी सगळ्यात मागं असतं, ते रस्त्याच्या कडेला एका माणसाची जागा सोडून पळतं.