पाय न टेकणारा साडू

फ्रान्स देश माझ्या साडूइतका कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही, आणि यात खुद्द फ्रेंच लोकही आले. हे मी तो फ्रान्सला गेलाही नव्हता तेव्हापासून सांगत आलोय. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा मूळचा साताऱ्याचा. राहतो ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला, पोटापाण्यासाठी तिथल्या एका कारखान्यात मशीनांची देखभाल बघतो, पण मनाने तो कित्येक वर्षं प्रोव्हान्समधल्या कुठल्या ना कुठल्या चढावर सायकल हाणत असतो. कुठल्या गावाच्या वेशीत कारंजं आहे, कुठल्या चर्चचा मनोरा किंचित कललाय, कुठल्या गल्लीत दगडी फरशी असल्यामुळे टायरमधली हवा थोडी कमी करावी लागते, सगळं तोंडपाठ. मी राहतो स्कोफिल्ड्सला. तिथे घरं नवी, झाडं नवी आणि सगळ्यात उंच जागा म्हणजे स्टेशनचा जिना, त्यामुळे त्याच्या लेखी मी 'सपाट माणूस'. लग्नात मी त्याला अहो-जाहो करायचो. ऑस्ट्रेलियात आल्यावर ते आपोआप गळून पडलं, आणि बरंच झालं, कारण घट्ट काळी चड्डी घालून पोहे खाणाऱ्या माणसाला अहो म्हणणं तसं अवघडच आहे.

त्याच्या गॅराजमध्ये गाडी कधी नव्हतीच. तिथे एका स्टँडवर सायकल जखडलेली, समोर स्क्रीन, आणि स्क्रीनवर फ्रान्सचा रस्ता. चढ आला की पेडल आपोआप जड होतं, हा घामाघूम होतो, आणि गाव आलं की ब्रेक मारतो. गावात आल्यावर थांबायचं, चहा घ्यायचा, लोकांना बोंझूर म्हणायचं. लोक म्हणजे ताई, माझी मेव्हणी, जी बिचारी चहाचा कप घेऊन कपड्यांच्या मशीनशेजारी उभी असायची. एकदा चहाला उशीर झाला म्हणून हा गावाबाहेर ताटकळत पेडल मारत राहिला. मुलगी म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ गॅराज." तर हा म्हणतो कसा, "म्हणून काय गावाला न थांबता जायचं?" रविवारी व्हिएतनामी बेकरीतून लांबलचक पाव आणायचा, तो सायकलच्या दांड्याला बांधून मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी यायचा आणि मिरचीच्या ठेच्याशी खायचा. फ्रेंच तो फोनवर शिकला होता. बोलायचा अगदी फर्डं. फक्त त्याला ते वाचता येत नव्हतं आणि समोरचा काय म्हणतोय ते कळत नव्हतं.

पण त्याचा खरा धर्म एकच: चढावर पाय टेकायचा नाही. उतारावर टेका, सपाटीवर टेका, चढावर मात्र पाय जमिनीला लागला की तो चढ चढलाच नाही असं धरायचं, खाली जायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. एकदा बुली पास नावाच्या घाटाच्या पायथ्याशी नेमका चढावर लाल सिग्नल लागला, तर या पठ्ठ्याने सिग्नलच्या खांबाला मिठी मारली आणि सायकलवर बसल्या बसल्या हिरव्याची वाट बघत राहिला. एका बाईंनी गाडी थांबवून, "यू ओके, मेट?" असं विचारलं. "नो वरीज," हा खांबाच्या गळ्यात पडल्या पडल्या म्हणाला, "जस्ट क्लायंबिंग."

वसंत आला की इथले मॅगपाय पक्षी अंड्यांवर बसतात आणि सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालतात. म्हणून लोक हेल्मेटला वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या खोचतात, टोकं वर ठेवून. दोन-चार पट्ट्या पुरतात. साडूने अख्खं पाकीट खोचलं. त्या हेल्मेटात तो साळिंदरासारखा दिसायचा, आणि पक्षी अंगावर आला की त्याला शुद्ध सातारी भाषेत झापायचा. पक्षी इंग्रजीला दाद देत नाहीत, असं त्याचं निरीक्षण होतं.

आणि मग एका शनिवारी त्याने मला बुली लुकआउटच्या कारपार्कमध्ये बोलावलं. खाली सगळा समुद्र पसरलेला, आणि हा त्याच्याकडे पाठ करून बसलेला. उजव्या गुडघ्यातली गादी संपलीय, डॉक्टर म्हणालेत की नोव्हेंबरात गुडघा बदलायचा, मग सपाटीवर हवी तेवढी सायकल चालवा पण चढ विसरा. हे त्याने हवामान सांगावं तसं सांगितलं. सप्टेंबरात तो फ्रान्सला निघाला होता. गॅराजमध्ये शेकडो वेळा चढलेला एक चढ होता, माथ्यावर एक जुनं दगडी गाव होतं, आणि तो चढ त्याला एकदा खरोखरच्या रस्त्यावर, पाय न टेकता, चढायचा होता. नंतर ते जमणार नव्हतं. ताईने एकाच अटीवर परवानगी दिली होती, की सपाट माणसाने गाडी घेऊन मागून जायचं. मला तिने बाजूला घेऊन बजावलं, "तो थांबणार नाही. गुडघा दुखतोय असं दिसलं की सरळ गाडीत घाल." साडूने आधीच बजावलं होतं, काही झालं तरी मला मध्येच थांबवायचं नाही. मी दोघांनाही हो म्हणालो. भिडस्त माणसाचं असंच होतं.

काय देश आहे हो तो! लव्हेंडर कापून झालेली शेतं, द्राक्षाचे मळे, आणि प्रत्येक टेकडीच्या डोक्यावर कुणीतरी मूठभर दगडी घरं ठेवून दिलेली. आम्ही दरीतल्या एका लॉजवर सामान टाकलं होतं आणि रोज नव्या दिशेला निघत होतो. साडू पुढे, मी मागे गाडीत पाणी, केळी आणि ताईचे शेंगदाण्याचे लाडू घेऊन. तो प्रत्येक वळणाआधी हात वर करून पुढे काय दिसणार ते सांगायचा, आणि ते दिसायचं! मीसुद्धा स्टिअरिंगवर थाप मारून ओरडायला लागलो होतो. हेल्मेटच्या पट्ट्या त्याने काढल्याच नव्हत्या, त्यामुळे प्रत्येक गावात म्हातारे त्याच्याभोवती जमायचे आणि हा हातांचे पंख करून त्यांना मॅगपाय समजावून सांगायचा. प्रत्येक गावात चर्चमध्येही जायचाच, आणि दारात बूट काढून, मोज्यांवर. मी म्हणालो, अरे इथे बूट काढत नाहीत. तर म्हणाला, देव कुणाचाही असो, पायताण बाहेर.

शेवटच्या दिवशी तो चढ राखून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. पायथ्याच्या गावात चर्चच्या दारात एक लाकडी खोका होता आणि त्यात, बघतो तर, चपला-बुटांचे जोड! साडूचा चेहरा असा फुलला की सांगता सोय नाही. "बघ. म्हणत होतास ना, इथे पद्धत नाही म्हणून?" त्याने आपले बूट त्या खोक्यात नीट जोडीने ठेवले. वर एक पाटी होती, तीही त्याने अदबीने पाहिली. आम्ही आत गेलो, तो डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला. गुडघ्याबद्दलच काही मागत असणार. बाहेर आलो तर बूट नाहीत, खोकाही नाही. समोरच्या कट्ट्यावरच्या आजोबांनी हातवाऱ्यांनी सांगितलं ते एवढंच, की गरिबांसाठी जुने कपडे-चपला गोळा करणारी व्हॅन आली होती आणि गेली. कुठे गेली ते आठवडाभराने विचारा.

बारा वाजले, घंटा झाली, जेवणाच्या सुट्टीसाठी दुकानांसकट सगळ्या गावाची दारं-खिडक्या बंद झाल्या. त्या सायकलचं पेडल म्हणजे अंगठ्याएवढा खटका, त्यात फक्त तेच बूट बसतात. मी मनातल्या मनात म्हटलं, सुटलो, देवानेच गाडीत घातला. पण साडू मोज्यांवर उभा राहून वरच्या गावाकडे बघत होता, आणि त्याचे ओठ लहान मुलासारखे थरथरत होते. ते बघवेना. मी माझे सँडल काढून त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते घालून बघितले, पाय खटक्यावरून घसरत होता. मग आम्ही दोघांनी एकाच वेळी त्याच्या हेल्मेटकडे पाहिलं.

पाकीटभर पट्ट्या होत्या. सँडल पायासकट पेडलला असे आवळले की हलता हलेनात.

"आता तुला पाय टेकताच येणार नाही," मी म्हणालो. "थांबलास की आडवा."

"मग बरंच आहे की," तो म्हणाला. "ढकल."

मी अनवाणी गाडी चालवत त्याच्या मागे. पहिली काही वळणं त्याने गाणं म्हटलं. मग गाणं थांबलं. मग उजवा गुडघा प्रत्येक फेरीला बाहेर फेकला जायला लागला, आणि मला ताईचा चेहरा दिसायला लागला. मी गाडी त्याच्या शेजारी घेऊन काच खाली केली. बस झालं, मी धरतो, पट्ट्या कापू, असं म्हणणार होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं. घामाने डोळे लाल, चेहरा वेदनेने वाकडा, आणि तरी त्यात असा काही आनंद, की माझ्या तोंडून भलतंच निघालं. "पुढच्या वळणावर काय आहे?" मी ओरडून विचारलं. "ऑलिव्हचं झाड," तो धापा टाकत म्हणाला, "एकटंच." वळण आलं आणि झाड होतं! मग मी विचारत गेलो आणि तो सांगत गेला. पडकी भिंत. क्रॉस. धुण्याचा दगडी हौद. वेस.

वेशीतून तो आत शिरला आणि नवीनच पंचाईत झाली. थांबायचं कसं? मी गाडी लावायला जागा शोधतोय आणि हा चौकातल्या कारंज्याभोवती फेऱ्या मारतोय, बोंझूर, बोंझूर करत. कॅफेतले लोक आधी हसले, मग उठून टाळ्या वाजवायला लागले. शेवटी मी अनवाणी धावत जाऊन त्याला कवेत धरलं, वेट्रेस कात्री घेऊन आली, आणि पट्ट्या कापल्यावर साडूने एकेक पाय असा अलगद खाली ठेवला, जणू जमीन त्याला नवीन होती. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तो रडला. मीही रडलो. बुटांचं विचारलं तर म्हणाला, जाऊ दे, कुणी तरी चढेल.

नोव्हेंबरात गुडघा बदलला, चांगला बसला. आता तो समुद्राकाठच्या सपाट रस्त्याने सायकल चालवतो, घरातल्या साध्या सायकलवर, आणि गॅराजमध्ये ताईची गाडी असते. चढाची सायकल पडून राहिली की खराब होते म्हणून माझ्या गळ्यात मारली आहे. दर रविवारी मी स्कोफिल्ड्सहून गाडी हाणत वॉलॉंगॉंगला जातो, माउंट कीराच्या चढाला लागतो, आणि साडू गाडीतून मागे. माझे सँडल त्याने अजून परत केलेले नाहीत.

गेल्या रविवारी अर्ध्यावर माझा श्वास संपला. दोन्ही बाजूंना गमची, म्हणजे निलगिरीची झाडं, वर बेलबर्ड पक्ष्यांची किणकिण, आणि रस्ता काही सपाट व्हायला तयार नाही. मी पाय टेकला. टेकला आणि मान खाली घालून उभा राहिलो, आता बोलणी बसणार, खाली पाठवणार. गाडीचं दार वाजलं. साडू ते माझे सँडल फटफटवत, जरासा लंगडत माझ्याजवळ आला आणि पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्याने वरच्या वळणाकडे पाहिलं.

"टेक रे," तो म्हणाला. "दम घे. खाली नाही जायचं."

मग त्याने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि मला विचारलं, पुढच्या वळणावर काय आहे. मला ठाऊक नव्हतं. "बघून ये," तो म्हणाला, आणि त्याने सायकलच्या खोगिराला मागून हात लावला.